कच्चं घर

आमच्या घरच्या काळ्या राजाला गिरणीच्या तेलाचा वास यायचा. बाने बुद्धिबळाची सगळी बत्तीस मोहरी लिंबाच्या लाकडातून स्वतः कोरली होती आणि त्यातली सोळा रहीमचाचांच्या पिठाच्या गिरणीतल्या काळ्या तेलात आठवडाभर बुडवून ठेवली होती. ती काळी झाली खरी, पण तेल काही सुटलं नाही. काळी मोहरी घेऊन खेळलं की बोटं काळपट व्हायची आणि भाकरीला वास लागायचा. माय ओरडायची, "आधी हात धू, मंग चुलीकडं ये." आज माझी सून मला हातावर लावायला कसलंसं सुवासिक मलम आणून देते. ते लावताना मला हटकून तो वास आठवतो आणि मलमाची गंमत जाते.

पट मायच्या हातचा. बाजारात पट मिळतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. जाड्या पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर तिने काळ्या लोकरीचे टाके घालून चौसष्ट घरं पाडली होती. लोकर आमच्याच मेंढरांची, बानेच टकळीवर कातलेली. घरं सगळी पांढरीच, मधल्या रेषा तेवढ्या काळ्या. शहरातल्या पटासारखी एक काळं एक पांढरं अशी घरं मी शाळेत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती उगीच भडक वाटली होती. मायला खेळातलं काही कळत नसे, पण टाका उसवला की ती लगेच शिवून द्यायची. म्हणायची, "तुमचा राजा भोकात पडल."

आम्ही धनगर. सेनगावापासून आत, जीप जाते तिथून पुढे पायी दोन कोस. तेव्हा आमचा जिल्हा परभणी, आणि हिंगोली म्हणजे आमच्या लेखी मोठं शहर. घर मातीच्या भिंतींचं, वर जुने पत्रे. पावसात तीन ठिकाणी गळायचं. मायला त्या तिन्ही जागा अशा पाठ होत्या की आभाळ भरून आलं की ती वर न बघता भगुणं, तांब्या आणि परात नेमक्या जागी मांडून पुन्हा भाकऱ्या थापायला बसायची. थेंब बरोबर भांड्यात पडायचे. मला ती जादू वाटायची. पाहुणे आले की मी त्यांना पावसाची वाट पाहायला लावायचे.

बा दिवसभर मेंढरांमागे. दिवस कलला की मेंढरं जाळीत कोंडून, अंगावर दोन तांबे पाणी ओतून, बगलेत पट मारून तो गिरणीवर जायचा. रहीमचाचांचं शेवटचं दळण उरकलेलं असायचं, पट्टा थांबलेला असायचा, आणि त्या एकाएकी शांत झालेल्या गिरणीत पीठ अजून हवेत तरंगत असायचं. दोघं पोत्यावर बसत. मी मध्ये. हा खेळ चाचांना त्यांच्या वडलांनी शिकवलेला, बाला चाचांनी, मला दोघांनी. म्हणजे मी दोन घराण्यांची शिष्य झाले, असं चाचा म्हणायचे. बा हरला की चाचा म्हणायचे, "मारोती, आज तेरा वजीर भूखा था," आणि बा जिंकला की काहीच म्हणायचे नाहीत, नुसते मिशीवरचं पीठ झटकायचे.

तो आमचा खेळ आणि आज नातू मोबाईलवर खेळतो तो खेळ, यांत मोठा फरक होता. आमच्याकडे प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं. आणि राजाला जन्मात एकदा घोड्याची उडी मिळायची. अडीच घरं, एकदाच. पण त्याआधी एकदा जरी शह बसला तर ती उडी गेली ती गेली. त्यामुळे निम्मा खेळ हा राजाने शह बसायच्या आत उडी मारून बाजूला होण्याचा असायचा. चाचा त्या उडीला इतके जपत की त्यांचा राजा उडी मारायचा तेव्हा ते स्वतःही पोत्यावर जरा सरकायचे.

बाची एक ठरलेली मांडणी होती. काळी मोहरी घेतली की तो राजापुढचं प्यादं मध्यात न्यायचा आणि त्याला जोर म्हणून राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं एक घर पुढे सारायचा. "प्याद्याला प्याद्याचाच जोर बरा," तो म्हणायचा. "घोड्याला, उंटाला राखणीवर काहून बसवावं? त्यांना दुसरी कामं हायेत." पुढे राजा उडी मारून कडेला जायचा आणि बा निवांत व्हायचा. मला ती चाल इतकी ओळखीची होती की खेळ सुरू करायचा म्हणजे तसंच करायचं, असं मला वाटायचं.

सहावीत असताना आमच्या शाळेत चिंचोलकर सर आले. तरणे, सडपातळ, खिशाला कायम दोन पेनं. त्यांनी शाळेत प्लास्टिकचा बुद्धिबळ संच आणला आणि शहरातले नियम शिकवले. मी शाळेत एक खेळ आणि घरी दुसरा खेळू लागले. दोन महिन्यांत मी सरांनाच दोनदा अडचणीत आणलं, तेव्हा हे कुठून आलं ते पाहायला म्हणून सर एका रविवारी आमच्या घरी आले. मायने ताक दिलं, तुरीच्या शेंगा उकडल्या. बाने अंगणात घोंगडी अंथरली, तिच्यावर पट. चाचा गिरणी बंद ठेवून आले, आणि शेजारपाजारचे चारदोन लोकही, मास्तर काय खेळतो ते बघायला.

"मारोतराव, आता सगळीकडे नवे नियम आहेत," सर म्हणाले. "प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं. राजाची उडी नाही."

"चालंल की," बा म्हणाला. "तुमच्या नियमानं व्हऊ द्या."

सरांनी पांढरी घेतली. राजापुढचं प्यादं दोन घरं. बानेही दोन घरं. सरांचा घोडा बाहेर आला आणि त्या प्याद्यावर डोळा ठेवून बसला. बाने उंटापुढचं प्यादं एक घर सारलं, नेहमीसारखं. सरांनी क्षणभर बाकडे पाहिलं, आणि घोडा उचलून ते मधलं प्यादं मारलं. जोरातलं प्यादं! मारलं तर घोडाच फुकट जाणार. चाचा "अरे अरे" म्हणाले. बाने घोडा मारला. सरांचा वजीर तिरका सरसरत आला आणि शह. मोकळ्या झालेल्या त्याच तिरक्या वाटेने. बाने प्यादं आडवं घातलं. वजिराने मध्यातलं प्यादं मारलं, पुन्हा शह, आणि कोपऱ्यातला हत्ती त्याच वजिराच्या तोंडात. बाचा हात राजाकडे गेला, उडीच्या जागेवर दोन बोटं टेकली आणि मागे आली. आमच्या खेळात इतक्या लवकर कुणी येऊन पोहोचतच नसे. प्यादी एकेक पाऊल चालत, तोवर राजा कधीच उडी मारून गेलेला असे. इथे दोन घरांच्या एका ढांगेत शत्रू दारात आला होता.

पुढचं मी सांगत नाही. शेंगांची टरफलंही नीट गोळा झाली नव्हती आणि खेळ संपला होता.

सर वाईट नव्हते. आज मला त्यांचं वय आठवतं आणि हसू येतं, पंचवीसही नसेल. त्यांनी शांतपणे समजावलं. "हा बचाव कच्चा आहे, मारोतराव. राजाच्या शेजारी भोक पडतं. पुस्तकात याला कुणी खेळूच नका म्हणून लिहिलंय. घोड्यानं प्याद्याला जोर द्या, चांगलं घर असताना कच्च्यात कशाला राहायचं?" बा मान हलवत राहिला. लोक उठून गेले. एकजण जाता जाता म्हणाला, "मारोती इतकी वर्सं उगंच बसून राहिला गिरणीवर." ते मी ऐकलं. बानेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी माझी भाकरी पटात बांधलेली होती. मी मायकडे पाहिलं. ती चुलीकडे बघत म्हणाली, "त्यानंच देल्लं. फडकं चांगलं हाय म्हनला, वाया काहून घालावं." मोहरी कुठे गेली ते मी विचारलंच नाही. मी शाळेत दुपारी ठेचा-भाकरी खायचे आणि तेलाचे डाग त्या चौसष्ट घरांवर एकेक करून पडत जायचे. बा संध्याकाळी गिरणीवर जायचा थांबला. अंगणात बसून टकळी फिरवायचा. चाचा मला विचारायचे, "बेटी, बाबाला काही तकलीफ हाय का?" मी नाही म्हणायचे. पण घरातून एक आवाजच गेला होता. शह द्यायच्या आधी बा जीभ टाळूला लावून टक् करायचा, तो. मला बाचा राग आला होता, सरांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या घोड्याचा आला होता.

असे किती दिवस गेले कोण जाणे. ज्वारी हुरड्याला आली होती एवढं आठवतं. सुट्टीच्या दिवशी मी बाची भाकरी घेऊन रानात गेले. मेंढरं लिंबाखाली गोळा होऊन मान खाली घालून उभी होती, कुत्रं झोपलेलं, आणि बा उकिडवा बसून जमिनीकडे पाहत होता. जवळ गेले तर काळ्या मातीत काठीने घरं पाडलेली. आठ आडवी, आठ उभी. पांढऱ्या बाजूला चुनखडीचे खडे, आणि काळ्या बाजूला मेंढरांच्या लेंड्या. राजा म्हणून बाभळीची शेंग. मला पाहून तो लाजला नाही, दचकलाही नाही. म्हणाला, "बस. तो घोडा मला रोज दिसून राहिला."

मी बसले. त्याने पहिल्या तीन चाली करून दाखवल्या, सरांनी केल्या तशाच. घोड्याचा खडा मधल्या लेंडीवर आला. "इथं मी चुकलो," तो म्हणाला. "घर कच्चं होतं म्हनून न्हाई हरलो, पोरी. घोडा दिसला अन् मला भूक लागली. म्हनून हरलो."

"मग काय करायचं?"

"घ्यायचाच न्हाई." त्याने वजिराची मोठी लेंडी उचलली आणि राजाच्या पुढ्यात एक घर सरकवली. बस, एवढंच. "आता बघ. घोडा तिथं राहिला तर मरतो. पळाला तर त्याच्या मागचं प्यादं उघडं पडतं, माझा वजीर त्याला मारून वर शह देतो. अन् सरांनी वजीर काढून शह देल्ला त्या दिशीसारखा, तर मी प्यादं आडवं घालीन. घोडा त्याला मारंल. मारू दे. माझा वजीर इकडून प्यादं मारून शह देईल अन् मंग जाऊन घोडा बी खाईल."

मी एकेक खडा हलवून पाहिला. मारायला घोडा समोर ठेवलेला, आणि उत्तर काय, तर वजीर एक घर पुढे. मी सगळ्या वाटांनी जाऊन पाहिलं. घोड्याला खरोखर परत जावं लागत होतं. माझ्या अंगावर काटा आला. तो काटा मला आजही आठवतो, दंडापासून मानेपर्यंत आलेला. ज्याला सही करता येत नव्हती, ज्याने बुद्धिबळाचं पुस्तक जन्मात पाहिलं नव्हतं, त्या माझ्या बाने मेंढरांच्या लेंड्या मांडून हे शोधून काढलं होतं.

"बा, कुणी सांगितलं तुला?"

"कोन सांगनार? मेंढरांना इचारलं." मग काठीने वजिराकडे दाखवत म्हणाला, "सर खोटं न्हाई बोलले. घर कच्चंच हाय. वजीर असा पुढं उभा केला की उंट कोंडतो, सगळं उशिरा निघतं. पर मला आता त्याच्या गळायच्या जागा कळल्या. तुझी माय कशी भगुणं ठिवती? तसं. पक्क्या घरातल्या मानसाला काय ठावं असतंय पानी कुठून येतंय ते?"

मागच्या दिवाळीत मी नातवाला ही मांडणी मोबाईलमध्ये घालायला लावली. त्याच्या मोबाईलमध्ये एक पट्टी असते, कुणाचं पारडं जड ते दाखवणारी. उंटापुढचं प्यादं सरकवताच ती पट्टी पांढऱ्याकडे धावली. "आजी, बेकार चाल आहे ही," तो म्हणाला. मी म्हटलं, थांब, घोड्याने प्यादं मार. मारलं. "आता त्याला विचार काळ्याने काय करावं." पोराने बोट लावलं. पडद्यावर एक बाण उमटला. वजीर, एक घर पुढे. नातू म्हणाला, "हं, हीच बेस्ट आहे." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी हलवत बसले. त्या यंत्राला पापणी लवायच्या आत जे सुचलं ते बाला एका हंगामात सुचलं होतं, पण सुचलं तेच होतं.

हिंगोलीला शाळांच्या स्पर्धा होत्या. जिंकेल ती परभणीला जाणार. सरांनी मला निवडलं आणि सक्त ताकीद दिली, "गिरजा, तिथं तुझ्या घरची ती चाल नको. घोडा काढायचा, पुस्तकातल्यासारखा. बराबर?" मी "व्हय सर" म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. आणि आदल्या दिवशी बा म्हणाला, "मी बी येतो. मेंढरं तुझी माय बघंल." मायने दोघांच्या भाकऱ्या बांधून दिल्या. बाने ते गाठोडं घोंगडीत घेतलं आणि आम्ही पहाटे पायी निघालो, मग जीप.

शाळेचा हॉल मोठा, गुळगुळीत फरशीचा. बाने दारात वहाणा काढल्या, पण आत आला नाही. त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. तो बाहेरून खिडकीला येऊन उभा राहिला, गजाला हात धरून. मी पहिले तीन डाव सरांनी सांगितलं तसेच खेळले आणि जिंकले. सर खूश. शेवटचा डाव हिंगोलीच्याच एका मुलीशी, मला काळी मोहरी. तिच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ती मोहरं दोन बोटांनी असं उचलायची, जणू ते गरम आहे.

तिने प्यादं दोन घरं टाकलं. मी दोन घरं. तिचा घोडा आला. आता माझा घोडा काढायचा, पुस्तकातला. मी हात उचलला आणि खिडकीकडे पाहिलं. बा पटाकडेच पाहत होता. एवढ्या लांबून त्याला मोहरी दिसत असतील असं मला वाटत नाही, पण कितवी चाल चालली आहे ते त्याला माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं. असतं तर कदाचित मी घोडाच काढला असता. मला एवढंच कळलं की मी आता घोडा काढला तर ते फडकं जन्मभर भाकरीचं फडकं राहील. मी उंटापुढचं प्यादं एक घर सारलं.

सर मागे फेऱ्या मारत होते. ते थांबले, आणि दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या मुलीला ते पुस्तक माहीत होतं. ती गालात हसली आणि घोड्याने प्यादं मारलं. मी वजीर एक घर पुढे सरकवला. तिचा हात पुढच्या चालीसाठी अर्धा आला होता, तो तसाच थांबला. तिने पटाकडे नव्याने पाहिलं. मग घोडा मुकाट परत गेला, माझ्या वजिराने प्यादं मारून शह दिला, तिने उंट मध्ये घातला. हिशेब बरोबरीत.

पण कच्चं घर ते कच्चंच. तिचं सैन्य भराभर बाहेर आलं, राजा किल्ल्यात गेला, हत्ती माझ्या राजासमोरच्या रांगेत येऊन बसला. मी एक घोडा आडवा घातला. तो तिथे असा अडकला की हलला तर मागे राजाला शह. मी वजीर कडेला नेला आणि राजाला पुढे वाट हवी म्हणून घोड्यापुढचं प्यादंही एक घर सारलं. तेवढ्यात तिचा दुसरा घोडा मध्यात उडी मारून आला, आणि मला धडधडीत दिसलं. तो पुढच्या खेपेला माझं उंटापुढचं प्यादं मारणार होता. तिथून राजाला शह आणि वजिरावर डोळा, दोन्ही एकदम. जे प्यादं मी दुसऱ्याला जोर द्यायला पुढे नेलं होतं, त्यालाच आता कुणाचा जोर नव्हता.

 मला गिरणी आठवली, चाचांचं सरकणं आठवलं. अजून एकदाही शह बसलेला नाही! मी राजा उचलला आणि अडीच घरांची उडी मारून घोड्यापुढच्या प्याद्याच्या मागे, कडेकडच्या घरात नेऊन ठेवला.

हॉलमध्ये हसू फुटलं. "राजाचा घोडा झाला!" कुणीतरी ओरडलं. पंच आले. त्यांनी राजा उचलून परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, "अशी चाल नाही. पण तू राजाला हात लावलाय, आता राजाच हलवावा लागेल." मी खिडकीकडे पाहिलं. बाने मान खाली घातली होती. त्याला सगळं कळलं होतं. ती उडी त्याने मला शिकवली होती आणि चूक त्याचीच आहे असा तो उभा होता. मला वाटलं, आता हा निघून जाईल, आणि मीच त्याला दुसऱ्यांदा हरवलं.

राजाच हलवायचा. पण कुठे? मी डोळे पुसून पाहिलं. राजाभोवती आपलीच मोहरी दाटलेली. दोनच घरं रिकामी होती. एक वजिराचं, तिथे गेला तर प्याद्याला जोर मिळत नव्हता. आणि दुसरं उंटापुढचं. जिथून ते प्यादं दुसऱ्याच चालीत निघून गेलं होतं ते. सरांनी सांगितलं होतं ते भोक. मी राजा त्या भोकात ठेवला.

आणि प्याद्याला जोर मिळाला. राजाचाच! वर राजा रांगेतून बाजूला झाल्यामुळे आडवा घातलेला माझा घोडा मोकळा झाला.  ती मुलगी अजून हसण्याच्या भरात होती. तिने दिमाखात उंट तिरका ओढून आपल्या घोड्याच्या मागे, माझ्या राजाच्या रोखाने ठेवला. मी माझ्या मोकळ्या घोड्याने तिचा तो मधला घोडा मारला. तिच्या उंटाने माझा घोडा मारून शह दिला. मी राजा एक घर बाजूला घेतला.

मग मी पाहिलं तो कुठे उभा आहे ते. ज्या घरात मी उडी मारून जाणार होते तेच घर. पंचांनी परत आणलेला राजा दोन पावलं चालून तिथेच जाऊन पोहोचला होता, आणि दुसरं पाऊल तर तिच्याच शहाने टाकायला लावलं होतं. मी खिडकीकडे पाहिलं. बा गेला नव्हता. तो दोन्ही हातांनी गज धरून, कपाळ गजाला टेकवून बघत होता. इतक्या लांबून मला ऐकू येणं शक्य नाही हे मी जाणते, पण त्याने जीभ टाळूला लावून टक् केलं, हे मी कुणाच्याही समोर शपथेवर सांगेन.

डाव बरोबरीत सुटला. दोघींचे गुण सारखे झाले, पण पंचांच्या हिशेबात ती वरचढ ठरली आणि परभणीला गेली. नातवाने हा डाव मोबाईलमध्ये तपासला, तेव्हा त्यात तिला जिंकायच्या दोन संधी होत्या आणि तिने दोन्ही घालवल्या असं निघालं. असू देत. ज्या पोराने तो डाव बसून खेळला नाही त्याने मला शिकवू नये, असं मी त्याला सांगितलं.

बाहेर लिंबाखाली बा बसला होता. सर माझ्यामागून आले. मला वाटलं आता बोलणार. पण ते बाजवळ गेले, आणि विचारलं, "मारोतराव, घोडा न मारता वजीर पुढं घ्यायचा, हे कुठं वाचलंत?"

"मला कुठं वाचता येतंय, सर," बा म्हणाला. "रानात बसल्या बसल्या केलं."

 सरांच्या डोळ्यांत मी तेच पाहिलं जे त्या दिवशी रानात मला झालं होतं. बाने घोंगडीतून भाकरीचं गाठोडं काढलं, सोडलं, सरांच्या हातावर अर्धी भाकरी आणि ठेचा ठेवला. आम्ही तिघांनी खाल्लं. मग बाने ते फडकं झटकलं, लिंबाच्या मुळांत सपाट जागा बघून अंथरलं आणि त्याच्यावरचे डाग हाताने पुसल्यासारखे केले. कमरेच्या पिशवीतून मोहरी काढली. ती पिशवी तो सबंध दिवस कमरेला बांधून उभा होता.

"बसा, सर."

सर धुळीत मांडी घालून बसले. "काळी मला द्या," म्हणाले. "प्यादी माझ्या नियमाने चालू देत. पण राजाला तुमची उडी असू द्या."

बाने प्यादं दोन घरं टाकलं. सरांनी दोन घरं. बाचा घोडा आला. सरांनी थोडा विचार केला आणि उंटापुढचं प्यादं एक घर सारलं.

"सर," बा म्हणाला, "चांगलं घर असून ह्यात काहून राहून राहिले?"

"शिकून राहिलो," सर म्हणाले.

बाने घोडा उचलून मधलं प्यादं मारलं. सरांची काळी झालेली बोटं त्या घोड्याकडे गेली, मध्येच थांबली, आणि वजिराकडे वळली. बा खदखदून हसला. रस्त्यावर जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. बाने वर न बघता हाताने त्याला थांब म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मायने माझी भाकरी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून दिली.